पाकीट फेकण्याआधी

रविवार, रात्री उशिरा

प्रिय मंजू,

तुझं पत्र दुपारीच वाचलं. लगेच उत्तर लिहायला बसणार होते, पण घाईघाईत काहीतरी खरडायला नको म्हणून थांबले. गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातल्या सतरा झाल्या, चार उरल्यात आणि मळमळ, मधेच पडणारे डाग, वजन, दुखणारी छाती याला कंटाळून पाकीट खिडकीतून भिरकावून द्यावंसं वाटतंय, असं लिहिलंयस. भिरकाव हवं तर. पण आधी माझं रडगाणं ऐक, मीही यातून गेलेय.

मळमळीचं आधी सांगते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. मी गोळी सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी घ्यायचे आणि मग दोन-तीन तास तोंडाला पाणी सुटत राहायचं. डॉक्टरीणबाईंनी काही औषधबिवषध दिलं नाही. रात्री जेवण झाल्यावर, झोपायच्या आधी घे, एवढंच म्हणाल्या. मग मळमळायचं ते झोपेत मळमळून जायचं. वेळ बदलताना दोन गोळ्यांमधलं अंतर चोवीस तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही, कमी झालं तर चालतं. आणि घेतल्यापासून दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, तर ती गोळी अंगी लागलीच नाही असं धरून दुसरी घ्यायची.

डाग पडण्याचं मात्र मलाही फार टेन्शन आलं होतं. पाळी नाही काही नाही, आणि रोज थोडं थोडं तपकिरी. मी कॅलेंडरवर पेन्सिलीने ठिपके करायला लागले. पहिल्या पाकिटात अकरा ठिपके, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात एक. पाकीट संपलं की ठिपके दाखवायला घेऊन जायचे, त्यामुळे "मधे मधे होतं हो" असं मोघम सांगायची वेळ आली नाही. होतं असं की गोळीतल्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हार्मोन्समुळे गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं, आणि त्याची घडी नीट बसेपर्यंत ते जरा जरा सुटत राहतं. गोळी चुकली की तर हमखास. डॉक्टर "तीन महिने बघू" म्हणतात ते याच्याचसाठी. आणि एक गंमत सांगू? दोन पाकिटांच्या मधे गोळी घ्यायची नसते त्या सुट्टीच्या सात दिवसांत येते ती खरी पाळी नव्हेच. हार्मोन्स थांबले म्हणून होणारा तो रक्तस्राव. त्यामुळे तो कमी झाला, एखाद दिवसात आटोपला, तरी घाबरायचं नाही.

वजनाचं तू तीनदा लिहिलंयस. या गोळीने वजन वाढतं असं अभ्यासांतून स्पष्ट निघालेलं नाही. तीन महिन्यांच्या इंजेक्शनची गोष्ट वेगळी, त्याने काहीजणींचं वाढतं. तेव्हा तो काटा ठेव बाजूला.

आता "छाती दुखते"बद्दल. अगं, मीही फोनवर हेच वाक्य बोलले आणि डॉक्टरीणबाईंचा आवाजच बदलला! श्वास लागतोय का, पोटरी सुजलीय का, खोकला येतोय का, प्रश्नांवर प्रश्न. मला म्हणायचं होतं स्तन दुखतात, भरून आल्यासारखे वाटतात. लाजेपोटी आपण दोन्हीला छातीच म्हणतो. स्तन दुखणं सुरुवातीला होतंच आणि ओसरतं. पण खरंच छातीत कळ आली, अचानक धाप लागली, एकच पोटरी सुजून दुखायला लागली, कधी नव्हे असं डोकं ठणकलं, बोलताना जीभ अडखळली किंवा दिसेनासं झालं, तर रात्र आहे की सकाळ हे न बघता दवाखाना गाठायचा. रक्ताच्या गुठळीची भीती असते. दहा हजार बायकांमागे वर्षाला साधारण दोघींना ती गोळीशिवायही होते, इस्ट्रोजेनवाल्या गोळीवर पाच ते बाराजणींना. गरोदरपणात याहून जास्त. म्हणजे धोका लहान आहे, पण तो सुरुवातीच्या महिन्यांतच जास्त असतो.

मनाचं मात्र माझं तीन महिन्यांत सुधारलं नाही. एकदा शर्टाचं बटण लावायला बसले, सुईत दोरा ओवेना, आणि मी सुई हातात धरून अर्धा तास रडले. घरचे म्हणाले दमलीयस. मलाही तेच पटलं. "तीन महिने थांबा" हे डागांसाठी होतं, मी ते मनालाही लावलं आणि चार महिने कुढत बसले. शेवटी डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा वादबीद काही झाला नाही, त्यांनी वेगळ्या प्रोजेस्टिनची गोळी लिहून दिली आणि महिन्याभरात मी माणसांत आले.

बायकांच्या तक्रारी मनाचे खेळ म्हणून उडवायची पद्धत या गोळीइतकीच जुनी आहे. 1956 साली पोर्तो रिको बेटावर गोळीच्या चाचण्या झाल्या तेव्हा मळमळ, चक्कर, डोकेदुखी बायका सांगत होत्या. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी तसं कळवलंही, पण गोळी बनवणाऱ्यांना ते मनातलं वाटलं. 1960 मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन होतं 150 मायक्रोग्रॅम. आज तुझ्या-माझ्या गोळ्यांत बहुधा 20 ते 35 असतं. 1970 मध्ये तिथल्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, बायकांनी उठून आरडाओरडा केला, तेव्हा कुठे गोळीसोबत धोक्यांची माहिती देणारी चिठ्ठी आली. तुझ्या पाकिटात ती बारीक अक्षरांची घडी आहे ना, जी तू पहिल्याच दिवशी फेकली असशील, तीच.

थांब, लिहिता लिहिता एकदम आठवलं. कॉलेजात तुझं डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचायचा, वाचताना अर्धी ओळ गायब व्हायची. आठवतं? अजून होतं का तसं? आणि गोळ्या घेताना हे सांगितलंस का? तशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनवाली गोळी देत नाहीत गं, मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. इथे तीन महिने थांबायचा प्रश्नच नाही. फक्त प्रोजेस्टिनची गोळी असते, तांबी असते, पर्याय खूप आहेत. वरचं सगळं बाजूला ठेव आणि पत्र मिळाल्या मिळाल्या डॉक्टरांना फोन लाव, पुढची गोळी घ्यायच्या आधी. बंद करायला सांगितली तर त्याच दिवसापासून कंडोम, आणि गेल्या काही दिवसांत संबंध आला असेल तर तेही त्यांना सांग, लाजू नकोस.

खरं तर पत्र पोचेपर्यंत कशाला थांबू? सकाळी सातला मीच फोन करते. उठून उचल.

तुझी,
विदू