मुलाच्या पट्टीत ट्रॅक आणा: कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर यांस,
सविनय नमस्कार.

पडद्यावर शब्द सरकतात, मागे ट्रॅक, म्हणजे गाण्याची आधीच मुद्रित केलेली वाद्यांची साथ, वाजतो, मूल गातं आणि गाणं संपताच यंत्र गुण दाखवतं. टीव्हीवरच्या मुलांच्या अशा कराओके खेळाचं चित्रीकरण आपल्या जिल्ह्यात व्हायचं असेल, तर परवानगी आपल्याकडूनच घ्यावी लागते. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांत अटी आहेत: दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांहून जास्त नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती, मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. अटी योग्यच आहेत. पण गाणाऱ्या मुलाच्या गळ्यावर सर्वांत जास्त ताण येतो तो चुकीच्या पट्टीचा (पट्टी म्हणजे हार्मोनियमच्या ज्या स्वराला ‘सा’ धरून गातात तो स्वर), आणि पट्टीबद्दल नियमांत एक शब्दही नाही. आपल्या परवानगीच्या आदेशात तो यावा, ही आमची विनंती.

हार्मोनियमच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या किंवा सहाव्या पांढऱ्या पट्टीला, म्हणजे काळी चार किंवा पांढरी सहाला, षड्ज (सा) धरला, तर नऊ-दहा वर्षांचं मूल साधारण तार गंधार-मध्यमापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग-म पर्यंत, सुखाने जातं. बाजारात मिळणारा ट्रॅक मात्र मूळ गायकाच्या पट्टीत असतो. पुरुषाने काळी एकमध्ये गायलेलं गाणं मुलाला त्याच सप्तकात झेपत नाही, खालचे स्वर लागतच नाहीत. मग ते वरच्या सप्तकात गातं, आणि तिथला तार गंधार किंचाळल्याशिवाय येत नाही. घरी बघणाऱ्यांना ती किंकाळी दमदार आवाज वाटते.

वरच्या सप्तकातल्या काळी एकवरून तिच्या खालच्या काळी चारवर यायचं म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या खाली. सॉफ्टवेअरने ट्रॅक दोन-तीन पट्ट्या सरकवला तर खपून जातं. पाच सरकवला की बासरी घोगरी होते आणि तबल्याची चाट (कडेवरचा टणक बोल) बद्द वाजते, म्हणून पट्टी बदलायचंच टाळलं जातं. वाद्यं वेगवेगळी मुद्रित केलेली असतील तर ढोलक, शेकर, ड्रम तसेच ठेवून बाकीची सरकवता येतात. तबला नव्या पट्टीत पुन्हा वाजवून घ्यावा लागतो. वाद्यं सुटी नसतील तर बहुधा ट्रॅक नव्यानेच करावा लागतो. खर्च वाढेल, पण तो निर्मात्याने सोसायचा. मुलाच्या गळ्यातून तो वसूल होता कामा नये.

बारा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो. निवड फेरीत ठरलेली पट्टी महिन्या-दोन महिन्यांत चालेनाशी होऊ शकते. त्यामुळे दर फेरीआधी गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर लिहावा, मुलाला हार्मोनियमवर ते दोन्ही गायला लावावेत, आणि मगच पट्टी ठरवावी. एका मुलामागे दहा मिनिटं पुरतात.

आता गुणांच्या यंत्राविषयी. बहुतेक यंत्रांत प्रत्येक अक्षरासाठी स्वराची एक सरळ रेघ आखलेली असते. मूल त्या रेघेवर असेल तर गुण, बाजूला गेलं की गुण हुकले. साहजिकच मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), खटका, मुरकी (स्वरांची झटपट वळणं) या सगळ्या चुका ठरतात. आपल्या गाण्यात जे शिकायला वर्षं लागतात, तेच इथे मुलाला महागात पडतं. काही यंत्रं आवाजाच्या जोरालाही गुण देतात, मग मूल ओरडायला शिकतं. शब्द दाखवणारी मोठी एलईडी भिंत चित्र किंचित उशिरा देते. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर तीन चौकटींचा उशीर म्हणजे १२० मिलिसेकंद. मूल शब्द बघून गातं, तेवढंच मागे पडतं आणि बेताल ठरतं. शब्दांची फाइल तेवढीच आधी सुरू केली की दोष जातो. सात-आठ वर्षांची मुलं जोडाक्षरावर अडखळतात, म्हणून पुढची ओळ आधीपासून दिसावी आणि श्वासाच्या जागी मोकळी जागा सोडावी.

यंत्र तपासायला तज्ज्ञ असावं लागत नाही. मुलाच्या जागी स्टँडवर मायक्रोफोन ठेवा, कुणी गाऊ नका आणि मॉनिटरवर, म्हणजे गाणाऱ्याला साथ ऐकू यावी म्हणून ठेवलेल्या स्पीकरवर, ट्रॅक सोडा. गुण पडले, तर मायक्रोफोन ट्रॅकच ऐकतोय. मॉनिटर मायक्रोफोनच्या मागच्या बाजूला न्यावा आणि आवाज कमी करावा. नंतर तयार गायकाकडून एकच ओळ एकदा सरळ आणि एकदा मुरक्यांसह गाऊन घ्या. दुसऱ्या वेळी गुण घसरले, तर त्या आकड्यावर कुठल्याही मुलाला बाद करू नये.

गळ्याचं मोल या शहराला सांगावं लागू नये. शाहू महाराजांनी ज्यांना दरबारी आश्रय दिला, त्या शास्त्रीय गायक अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतिगायनाने गेला होता. परत आला तेव्हा तो पूर्वीचा राहिला नाही. त्या नव्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी घडवली. ते खाँसाहेब होते. दहा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा कोण करणार?

तेव्हा आदेशात एवढं लिहावं: प्रत्येक मुलाच्या पट्टीची लेखी नोंद, पूर्ण आवाजातले टेक (चित्रीकरणासाठी गाण्याच्या खेपा) दिवसाला आठपेक्षा जास्त नकोत आणि तालीम अर्ध्या आवाजात, यंत्राची वरची चाचणी चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी, पालकांसमोर. आपल्या कार्यालयाने प्रात्यक्षिक ठेवलं, तर हार्मोनियम, मायक्रोफोन आणि ट्रॅक घेऊन आम्ही शाहू स्मारक भवनात किंवा आपण सांगाल तिथे येऊ, विनामोबदला.

आपले,
कोल्हापुरातील गायन शिक्षक, ट्रॅक तयार करणारे आणि ध्वनिव्यवस्था सांभाळणारे