इंजिने मूळची नव्हती, थंडी मात्र खरी होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला मूकपटांवरचा लेख आवडीने वाचला. जॉन फोर्ड यांच्या १९२४च्या ‘दि आयर्न हॉर्स’मध्ये शेवटी समोरासमोर येणारी दोन्ही इंजिने मूळचीच आहेत, असे त्यात म्हटले आहे. चित्रपटातली पाटीही तेच सांगते, त्यामुळे लेखकाचा तसा समज होणे साहजिक आहे. पण १० मे १८६९ला अमेरिकेच्या युटा राज्यातील प्रॉमंटरीला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून टाकत आणलेले रूळ जोडले गेले तेव्हा तिथे उभी असलेली ‘११९’ आणि ‘ज्युपिटर’ ही इंजिने अनुक्रमे १९०३ आणि १९०९ साली भंगारात निघाली होती. चित्रपटात दिसतात ती दुसरी.

मी रेल्वेत ३४ वर्षे रुळांच्या देखभालीचे काम केले. डिसेंबरात पहाटे पाचला पहार हातात घेतली की पहिली काही मिनिटे बोटे आपली राहत नाहीत. ही आमची खानदेशातली थंडी. फोर्ड आपली मंडळी घेऊन भर हिवाळ्यात नेवाडाच्या माळावर उतरले, तिथे बर्फ पडलेला होता. राहायला सर्कशीची भाड्याने घेतलेली आगगाडी. डब्यांत पिसवा, म्हणून काही जण चित्रीकरणासाठी उभारलेल्या घरांतच झोपू लागले. पुरेसे गरम कपडे कोणी आणलेच नव्हते, तेव्हा चित्रपटातला पोशाखच अंगावर ठेवून दिवस काढले. ज्या प्रसंगात बर्फ नको, तिथला बर्फ आधी झाडून काढायचा आणि मग जॉर्ज श्नायडरमन यांनी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा. दिग्दर्शक तेव्हा जेमतेम तिशीचे होते!

हे कळल्यापासून रूळ टाकण्याचे प्रसंग मी वेगळ्या नजरेने पाहतो. नायक-नायिकेची प्रेमकथा मला फारशी भावली नाही, पण ती गँग काम करताना दिसली की डोळे हलत नाहीत. पश्चिमेकडून आलेला, सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा मार्ग मुख्यतः चिनी मजुरांनी बांधला. पडद्यावरही चिनी माणसे राबताना दिसतात, आणि श्रेयनामावलीत त्या गर्दीतल्या बहुतेकांची नावे नाहीत.

इंजिनांबद्दलची दुरुस्ती कृपया छापावी. लेखमालेच्या पुढच्या भागात जागा असेल, तर त्या सर्कशीच्या गाडीत हिवाळा काढलेल्या माणसांवरही चार ओळी याव्यात, ही मनापासून विनंती.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ