ब्लॉकखालचं पॅकिंग

कोल्हापूर

प्रिय दिलीप,

स. न. वि. वि.

अण्णांचं लिस्टर टाईप डिझेल इंजिन तू पुन्हा चालू करतोयस हे वाचून जाम बरं वाटलं. साडेसहाशे आरपीएमचं ते संथ धूड अजून पुष्कळ वर्षं काम देईल. पण ‘पॅकिंग फाटलंय, सिलिकॉन लावून बसवतो’ हे वाचलं आणि लगेच कागद घेतला. तेवढं करू नको, लेका.

ट्यूबमधल्या सिलिकॉननं मिस्त्री लोक आळशी झालेत. जास्तीचं आत दाबलं जातं, त्याचे तुकडे सुटतात आणि तेलाच्या भोकात जाऊन बसतात. बरं, साइडच्या झाकणाला एक वेळ चालेल. ब्लॉकखाली, म्हणजे सिलिंडर आणि खालच्या क्रँककेसच्या सांध्यात, अजिबात नाही. तिथलं पॅकिंग, म्हणजे सांध्यातला कागद, नुसतं तेल अडवत नाही, पिस्टन आणि हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) यांच्यातली फट त्याच्या जाडीवर ठरते. पातळ पडलं तर पिस्टन हेडला आपटेल, जाड झालं तर कॉम्प्रेशन जाईल आणि थंडीत हँडल मारून खांदा निखळेल.

जुनं काढताना सांभाळ. राखाडी, तंतू दिसणारं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धर. वायर ब्रश, ग्राइंडर बंद. पाणी मारून ओलं कर, ओलं असतानाच खरवड आणि पिशवीत बांधून टाक. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क घे. एक बरा तुकडा मात्र ओलाच पिशवीत बाजूला ठेव.

आता कापायचं कसं? ऑइल पेपर, म्हणजे पॅकिंगचा कागद, ब्लॉकच्या तोंडावर ठेव, बोटाला थोडं काळं तेल लावून कडेनं दाबत जा, नक्षी उमटते. कात्री लगेच घेऊ नको. आधी स्टडची, म्हणजे नट बसतात त्या दांड्यांची भोकं. भोकावर जुन्या बेअरिंगची गोळी ठेवून हातोडीचा हलका ठोका दिला की कागद कडेवर गोल तुटतो. दोन भोकांत बोल्ट अडकवले की कागद सरकत नाही. मग आतला घेर आणि बाहेरची कड सगळ्यात शेवटी. बाहेरून आधी कापलंस तर भोकाजवळची पट्टी हमखास फाटते. बिडाच्या कडेवर हे चालतं. ॲल्युमिनियमच्या झाकणावर ठोकत बसू नको, कड दबते. तिथं खूण करून ब्लेडनं काप. तेलाचं बारीक भोक कापायचं राहिलं नाही ना, हे उजेडासमोर धरून बघ.

जाडीसाठी जपून ठेवलेला तुकडा मायक्रोमीटरवर दाबला गेलेल्या जागी मोज. तरी भरवसा तारेवर ठेव. मऊ सोल्डरचे दोन तुकडे पिस्टनवर, पिनच्या रेषेत, व्हॉल्व्हखाली येणार नाहीत असे ग्रीसनं चिकटव. हेड त्याखालच्या जुन्याच गॅस्केटसह (पॅकिंगसह) आवळ, फ्लायव्हील हातानं एकदा वरच्या टोकावरून फिरव, हेड काढ आणि चपटी झालेली तार मोज. इंजिनच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळेपर्यंत कागद कमीजास्त करायचे. नट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळ. हेडचं गॅस्केट मात्र सरळ विकत आण, तिथं हातकाम नको.

सोबत पाव मिलीमीटरचा कागद पाठवतोय. तारेचा आकडा काय येतो ते हेड कायमचं आवळायच्या आधी कळव, फोन केलास तरी चालेल. वहिनींना नमस्कार, अण्णांना साष्टांग.

तुझा,
सुरेश