वाय फेज टेस्टरपुरताच: चुकीचा शेरा मारून बंद केलेल्या तक्रारीबाबत

प्रति,
मा. सहाय्यक अभियंता,
वीज वितरण कंपनी, शाखा कार्यालय

विषय: तीन फेज घरगुती जोडणीतील वाय फेजचे व्होल्टेज भार पडताच कोसळणे आणि ‘ग्राहकाच्या आतील वायरिंगचा दोष’ असा शेरा मारून तक्रार बंद करणे.

संदर्भ: 1912 वर वेळोवेळी नोंदवलेल्या तक्रारी. तक्रार क्रमांक सोबतच्या एसएमएसच्या प्रतींवर आणि ग्राहक क्रमांक बिलाच्या झेरॉक्सवर आहे.

महोदय,

आमच्या घरी वीज जाते ती अर्धीच जाते. पुढची खोली, वरचा मजला आणि पाण्याचा पंप व्यवस्थित चालतात; आर, वाय आणि बी या तीन फेजपैकी वायवर असलेले स्वयंपाकघर, मागची खोली आणि गिझर एवढेच मान टाकतात. धड बंद पडतात असेही नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब जळत असतो, पण फ्रिज सुरू होताना नुसता घुं करतो आणि कट्‌ असा आवाज करून गप्प बसतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मिक्सरचे पाते रेंगाळत फिरते, खोबरे तसेच राहते. पावसाची सर आली किंवा वारा सुटला की मग बल्बही फडफडायला लागतो.

आपले वायरमन येतात, मेन स्विचला टेस्टर लावतात, टेस्टर पेटतो. ‘‘ताई, तिन्ही फेज आहेत की. फॉल्ट तुमच्या घरात आहे, वायरिंग बघून घ्या.’’ ते गेटबाहेर पडतात न पडतात तोच मोबाईलवर तक्रारीचे निवारण झाल्याचा संदेश येतो. फ्रिजला मात्र हे निवारण अजून कळलेले नाही.

टेस्टर पेटला म्हणजे पुरवठा आला, हे गृहीतच मुळात चुकीचे आहे. टेस्टरमधल्या निऑनला पेटायला मिलिअँपिअरचा काही अंश पुरतो. वाटेतला जोड अर्धवट जळालेला असला तरी एवढा प्रवाह त्यातून सहज येतो. नळाला थेंब आला म्हणून बादली भरेल असे कोणी म्हणत नाही. भार नसताना मल्टिमीटर लावला तरी तोही व्होल्टेज ठीकच दाखवेल. आणि हल्लीचे बरेच एलईडी बल्ब खूप कमी व्होल्टेजवरही जळतात, त्यामुळे ‘‘लाइट तर चालू आहे की’’ या वाक्यालाही काही अर्थ उरत नाही. जुना शंभराचा पिवळा बल्ब असता तर त्याने मंद होऊन केव्हाच चुगली केली असती.

म्हणून आम्ही परवानाधारक वीज ठेकेदाराकडून रीतसर तपासणी करून घेतली. त्यांचा सही-शिक्क्याचा अहवाल सोबत आहे, पण तो फाइलला लागून राहू नये म्हणून मुख्य गोष्टी इथेच लिहिते.

रीडिंग मेन स्विचच्या वरच्या बाजूला, म्हणजे मीटरमधून येणाऱ्या वायरींवर घेतली. तिथे आमच्या घराचे वायरिंग अजून सुरूच झालेले नसते. सगळा भार बंद असताना आर फेजला 231, वायला 229 आणि बीला 232 व्होल्ट मिळाले. मग वाय फेजवरचा 2 किलोवॅटचा गिझर चालू केला. आर आणि बी जागचे हलले नाहीत. वाय 178 वर आला. 230 व्होल्टच्या वरखाली 6 टक्के, म्हणजे साधारण 216 ते 244 व्होल्ट, ही मर्यादा मी आपल्याला सांगायला नको.

न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची सामाईक परतीची तार, ढिला असेल का, ही शंका ठेकेदारांनी आधीच तपासली होती. न्यूट्रल सुटला असता तर एक फेज खाली आल्यावर दुसरे वर चढले असते, आणि आमचा टीव्ही आज दुरुस्तीच्या दुकानात असता. तसे काही झाले नाही.

यानंतर त्यांनी जे केले ते आपण नीट वाचावे अशी विनंती आहे, कारण आपल्या शेऱ्याचे उत्तर त्यातच आहे. मेन स्विच बंद करून त्यांनी डीबीकडे, म्हणजे घरातल्या वितरण पेटीकडे, जाणाऱ्या वायरींची अदलाबदल केली. स्वयंपाकघराची ओळ आर फेजवर घेतली आणि पुढच्या खोलीची वायवर टाकली. मेन चालू केल्यावर फ्रिज पहिल्या झटक्यात सुरू झाला. तोच गिझर आर फेजवर लावला तेव्हा व्होल्टेज जेमतेम तीनने उतरले. आणि इतकी वर्षे कुरकूर न केलेल्या पुढच्या खोलीत इस्त्री लावताच पंखा मंदावला. वायरिंग तेच, स्विच तेच, उपकरणे तीच. दोष आमच्या भिंतीत असता तर तो स्वयंपाकघरातच राहिला असता, वाय फेजच्या मागोमाग पुढच्या खोलीत आला नसता.

शेजारच्या दोन्ही घरांना त्याच खांबावरून जोडणी आहे. त्यांच्यापैकी एकाचा पुरवठा वाय फेजवरच आहे आणि तो उत्तम चालतो. म्हणजे डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरजवळचा) फ्यूजही ठीक आणि लाइनही ठीक. राहिले काय, तर खांबावरून मीटरपर्यंत येणारी आमची सर्व्हिस केबल खांबावर जोडली आहे तो जोड, ती केबल, किंवा मीटरचे टर्मिनल. मीटरला आपले सील आहे, त्याला आम्ही हात लावलेला नाही आणि लावणारही नाही.

माझा संशय खांबावर आहे. रात्री रिमझिम चालू असली की तिथून चरचर असा आवाज येतो आणि मधूनच निळसर ठिणगी दिसते. गच्चीवरून मोबाईलने जवळ आणून काढलेला फोटो जोडला आहे. केबलच्या ॲल्युमिनियमच्या तारा लाइनच्या तारेभोवती नुसत्या वेटोळून दिल्या आहेत, क्लॅम्प नाही की कनेक्टर नाही. वेढ्यापासून वीतभर आवरण काळे पडून गळाले आहे, दोन तारा तुटून बाहेर आल्या आहेत आणि उरलेल्यांवर पांढरी पूड धरली आहे. ॲल्युमिनियमवर चढणारा हा ऑक्साइडचा थर वीज वाहून नेत नाही; जोड तापतो, तापून सैल होतो आणि सैल झाला की आणखी तापतो. गिझर चालू असताना 51 व्होल्टची घट होती आणि सुमारे 6.7 अँपिअर प्रवाह वाहत होता. हा गुणाकार 340 वॉटच्या आसपास जातो. खराबी एकाच जोडात असेल, आणि फोटोवरून तसेच दिसते, तर वाय फेजवर भार पडला की एवढी उष्णता त्या एका वेढ्यात तयार होते, आणि खाली रस्त्यावर शाळेची मुले रिक्षाची वाट बघत उभी असतात.

एका खेपेला वायरमननी खालूनच लांब बांबूने केबल हलवली. वीज आली, फ्रिज चालू झाला, सासूबाईंनी त्यांना चहा दिला. पुढच्या सरीला पुन्हा तेच. बांबूने केबल हलवल्यावर वाय फेज सुधारतो, हे पाहिल्यावर तरी दोष कुठे आहे ते लक्षात यायला हवे होते. मी त्यांना फार दोष देत नाही. एवढा मोठा भाग एकटा माणूस सांभाळतो, आणि त्यांच्यापाशी टेस्टर आणि पक्कड सोडून काही नव्हते. शिडी मागवावी लागते असे ते म्हणाले. माझी तक्रार आहे ती न तपासता शेरा टाकून तक्रार बंद करण्याच्या पद्धतीबद्दल.

आणखी एक गोष्ट गंभीर आहे. ‘‘तोवर वाय आणि आर डीबीत एकत्र जोडून घ्या’’ असा सल्ला आम्हाला देण्यात आला. वाय फेज मेलेला नाही, तो अधूनमधून जिवंत होतो. दोन फेज असे जोडलेले असताना खांबावरचा जोड वाऱ्याने चिकटला तर 400 व्होल्टचे थेट शॉर्ट सर्किट होईल. आमच्या ठेकेदारांनी ऐकताक्षणी कानावर हात ठेवले. कंपनीच्या माणसाने असला सल्ला कोणत्याही ग्राहकाला देऊ नये, याची समज आपण द्यावी.

सध्या वाय फेज डीबीपासून सोडवून ठेवला आहे आणि सगळे घर दोन फेजवर चालते. गिझर लावला की पंप बंद ठेवायचा, असा कारभार आहे. बिल मात्र तीन फेजच्या स्थिर आकारासह येते आणि आम्ही ते मुदतीत भरतो.

तरी, शिडी आणि भारासह चाचणी करण्याची सोय घेऊन माणूस पाठवावा. आणखी काही नसेल तर 2 किलोवॅटची एक शेगडीही चालेल. खांबावरचा जोड कापून योग्य कनेक्टरने नव्याने करावा, मीटरचे टर्मिनल आपल्या देखरेखीखाली उघडून तपासावे आणि काम झाल्यावर भार असतानाची तिन्ही फेजची रीडिंग लेखी द्यावीत. बंद केलेल्या तक्रारींवरचा ‘आतील वायरिंगचा दोष’ हा शेरा दुरुस्त करावा, कारण उद्या फ्रिजच्या दुरुस्तीची भरपाई मागताना तोच माझ्यापुढे धरला जाईल. कॉम्प्रेसरचा रिले जळाल्याची पावती जोडली आहे. सर्व्हिस केबल ग्राहकाच्या खर्चाने बदलावी लागेल असे आपल्या कार्यालयात तोंडी सांगण्यात आले. तसा नियम असेल तर त्याचा क्रमांक लेखी कळवावा, मी वाचून उत्तर देईन.

आठवड्याभरात कार्यवाही न झाल्यास विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 42(5) खालील ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे अर्ज करीन. तिथे समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालांकडे जाईन. अर्जाचा मसुदा तयार आहे.

मी सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर घरी असते. मधल्या वेळेत सासूबाई असतात. माणूस पाठवण्याआधी बिलावर नोंदवलेल्या मोबाईलवर फोन करावा, म्हणजे ठेकेदारांनाही बोलावून घेता येईल. या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख मिळावी.

आपली विश्वासू,
(सही)
वीजजोडणीधारक ग्राहक

प्रत माहितीसाठी: मा. कार्यकारी अभियंता, विभागीय कार्यालय