आठ मशीनचं कोटेशन

रत्नागिरी,
पाडव्यानंतरचा रविवार

प्रिय सुध्या,

शिमग्याला तू आला नाहीस, मीही फोन केला नाही. राग धरला होता असं नाही, राहून गेलं. माझा गुडघा आहे तसाच आहे, आईची साखर ताब्यात आहे. झाली तब्येतीची बातमी.

पत्र लिहायचं कारण दिग्याचा अथर्व. त्याला कुवारबावला गेमिंग सेंटर काढायचंय. अक्षय्य तृतीयेला उद्घाटन, म्हणजे मे महिन्यात मुंबईची पोरं गावी येतील तेव्हा चालू हवं. हे सगळं मला आवडलं. पण तो परवा कोटेशन घेऊन आला आणि बोलता बोलता म्हणाला की आईच्या पाटल्या ठेवून चार लाख उचलतोय, तीन लाख त्याच्याकडे आहेत. त्या पाटल्या कुठल्या, हे तुला सांगायला नको. दिग्या असता तर एवढं लांबलचक लिहायची वेळ आली नसती. तुला लिहितोय कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

कोटेशन आठ मशीनचं आहे. मॉनिटर धरून प्रत्येकी 80 हजार, म्हणजे 6 लाख 40 हजार. अथर्वच्या डोक्यात 60 हजार उरले, त्यात रंग, बोर्ड, खुर्च्या. आता त्यात काय नाही ते बघ. खुर्ची, टेबल आणि यूपीएस मिळून एका जागेचे 17 हजार, आठांचे 1 लाख 36 हजार. गाळ्याचं डिपॉझिट 50, एसी 45, वायरिंग आणि अर्थिंग 45, रंग-बोर्ड 30, कॅमेरे 15, नेटवर्कच्या वायरी-स्विच 10 हजार. हे झाले 1 लाख 95 हजार. आठ मशीनला एक एसी पुरणार नाही, दुसऱ्याचे 45. अस्सल विंडोज मशीनमागे 10 हजार, म्हणजे आणखी 80. एकूण अकरा लाखांच्या घरात जातंय, आणि अजून एका महिन्याचंही भाडं भरलेलं नाही. पोराला वाटतंय सात लाखांत दुकान उघडेल. उघडेल ते अर्धवट, आणि यूपीएस-अर्थिंग 'नंतर बघू' या खात्यात जाईल. मला झोप येत नाही ती याच्यामुळे.

कोटेशनातल्या ओळी वाचल्यास की तुलाही कळेल. 'रॅम 16 जीबी × 1'. एकच पट्टी! आठ-आठच्या दोन लावल्या की प्रोसेसरला मेमरी दोन वाटांनी मिळते, त्याच प्रोसेसरवर फ्रेम वाढतात. 'एसएमपीएस 450 वॅट', म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, पुढे कंपनीचं नावच नाही. 'यूपीएस 600 व्हीए' वेगळा घेतला तर, म्हणून खाली बारीक अक्षरात. 600 व्हीए म्हणजे जेमतेम 360 वॅट. गेम चालू असताना मशीन आणि मॉनिटर मिळून तेवढे खेचतात, त्यामुळे लाइट गेल्यावर यूपीएस टीं करून त्याच क्षणी बंद पडणार. हजार-अकराशे व्हीएचाच हवा. तू हसशील, पण दिग्याच्या सायबर कॅफेच्या वेळी आपलं भांडण याच्यावरूनच झालं होतं. तू म्हणालास मोठे मॉनिटर आधी, यूपीएस मागाहून. सुध्या, ते भांडण मी अजून सोडलेलं नाही. या वेळी यूपीएस आधी.

उलट जिथे पैसे वाचतात तिथे ओतलेत. आठ कोअरचा प्रोसेसर कशाला? पोरं व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळणार. सहा कोअरचा रायझन 5 5600, मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड, एक टीबीची वेगवान एनव्हीएमई डिस्क, ब्राँझ दर्जाचा 550 वॅटचा नावाजलेला एसएमपीएस, एवढं 66 हजारांत बसतं. 144 हर्ट्झचा 24 इंची मॉनिटर 11 हजार, कीबोर्ड-माउस-हेडसेट साडेचार. हेडसेट मात्र आधी मोडतात, बिजागरीशी आणि वायर जिथे आत जाते तिथे. दोन जादा ठेवायचेच. 5600 ला स्वतःचं डिस्प्ले आउटपुट नाही, कार्ड गेलं की पडदा काळा, म्हणून एक साधं जुनं कार्ड कपाटात हवं. वापरलेली कार्डं स्वस्त मिळतात म्हणून त्याचा एक मित्र मागे लागलाय. त्यातली बरीच कॉइन मायनिंगला रात्रंदिवस चाललेली असतात. नवीन, पक्क्या बिलाचं, तीन वर्षं वॉरंटीचं घ्यायचं. ऑफिसातून निघालेली जुनी मशीनही नकोत: विंडोज 11 वर व्हॅलोरंटला टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट ही मशीनमधलीच सुरक्षेची सोय लागते, आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

घाई कशाची, तर रॅमचे भाव 2025 च्या अखेरीपासून चढे आहेत आणि दुकानदाराने मुदत दिलीय येत्या शुक्रवारची. भाव चढे आहेत हे खरं. म्हणूनच आठ नकोत.

आता गाळा. दोन बघितलेत. मांडवीचा स्वस्त आहे, पण समोर समुद्र. खारा वारा पंख्यांचं बेअरिंग खातो, रॅमच्या पट्टीचे दात काळे पडतात, आणि पावसाळ्यात मशीन एक दिवस चालू होतं, एक दिवस नाही. कुवारबावचा पहिल्या मजल्यावर आहे, भाडं 10 हजार. चिपळूणकराला मी मजल्याचं महत्त्व काय सांगू. महापुराची 22 जुलै 2021 तुम्ही बघितलीत. कुवारबावचाच घ्यावा. हॉस्टेलची पोरंही त्या बाजूला आहेत.

पण कुवारबावची एक मेख आहे: कातळ. जांभ्यावर अर्थिंग लागत नाही. इलेक्ट्रिशियन दोन फूट खणतो, कोळसा-मीठ टाकतो आणि जातो. पावसाळ्यात ठीक, एप्रिल-मे मध्ये कातळ कोरडा ठणठणीत झाला की अर्थिंग असून नसल्यासारखं. अर्थिंग नसलेल्या मशीनच्या पत्र्यावर 110-115 व्होल्ट दिसतात, कारण एसएमपीएसमधला फिल्टर निम्मा व्होल्टेज बॉडीवर सोडतो. हात लावला की झिणझिण्या येतात, आणि चालू मशीनला एचडीएमआय लावताना ठिणगी पडून पोर्ट जातं. म्हणून बोअर मारून खोल केमिकल अर्थिंग, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी. काम झाल्यावर मल्टिमीटर लावून न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत आहे का ते आपल्यासमोर बघायचं, पैसे त्यानंतर. शिवाय मुख्य बोर्डाला सर्ज प्रोटेक्टर. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा कशा कडाडतात! ती वीज जशी मीटरमधून येते तशी इमारतीबाहेरून ओढलेल्या लॅनच्या तांब्याच्या वायरीतूनही येते. बाहेरचं सगळं फायबर हवं, तांबं फक्त खोलीच्या आत.

एसीचा हिशेब साधा आहे. एक मशीन खेळताना 400 वॅट उष्णता सोडतं, माणूस शंभर. पाच मशीन आणि सात पोरं म्हणजे पावणेतीन किलोवॅट. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, वर स्लॅबचं ऊन, म्हणून दीड टन. महावितरणचा मंजूर भार तेवढा वाढवून घ्यायचा आणि कनेक्शन व्यापारीच, घरगुतीवर चालवायचं नाही. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसलं तरी प्रत्येक मशीन रोज तासभर चालू ठेवायचं. बंद मशीनला दमट हवा धरते, आणि मुंग्या एसएमपीएसमध्ये अंडी घालतात.

इंटरनेटच्या दोन लाइनी, वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगळ्या खांबांवरून. हायवेच्या कामात जेसीबी फायबर कसा उचकटतो ते तुला रोज दिसतंय. गेमचे सर्व्हर मुंबईतच असल्यामुळे वेगाची अडचण नाही. गेमचे अपडेट तेवढे रात्री बंद करताना लावायचे, नाहीतर संध्याकाळी पाच वाजता एक मशीन डाउनलोडला बसतं आणि बाकीच्यांचं पिंग उडतं, म्हणजे गेम अडकत चालतो. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक फुकट उतरवता येतात. विकतच्या गेमचं एकच घरगुती खातं पाच मशीनवर फिरवायचं नाही. स्टीमची कॅफेंसाठी वेगळी योजना आहे, ती घ्यायची. आणि पैसे लावून खेळणाऱ्यांना मशीन द्यायचंच नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदाच आलाय, आणि दिग्याच्या पोराच्या दारात पोलीस यायला नकोत. गुमास्त्याची नोंद, उद्यम नोंदणी हे सोपं आहे; जीएसटी सेवेच्या धंद्याला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही.

मी म्हटलं, चार मशीनने सुरू कर. अथर्व म्हणाला, काका, व्हॅलोरंटची टीम पाचाची असते, चार मशीन असली की पाचवा उभा राहतो आणि पाचही निघून जातात. त्याचं बरोबर आहे. पोरगा धंदा ओळखून आहे, हे ऐकून मला फार बरं वाटलं. तर पाच. एक जागा विंडोज, यूपीएस, खुर्ची सगळं धरून 1 लाख 8 हजार 500. पाच जागा 5 लाख 42 हजार 500. वरचे 1 लाख 95 हजार. झाले 7 लाख 37 हजार 500.

महिन्याचं बघ. भाडं 10 हजार, वीज साधारण 590 युनिट, सगळे आकार धरून 13 रुपयांनी 7,700, इंटरनेट 1,500, दुरुस्तीला बाजूला 5 हजार, सोन्यावरचं व्याज 4 हजार. साधारण 28,200. तासाला 50 रुपये दर ठेवला तर प्रत्येक मशीन रोज पावणेचार तास भरलं पाहिजे, आणि तेव्हा अथर्वच्या हातात शून्य. त्याला 15 हजार सुटायचे तर पावणेसहा तास. शाळा-कॉलेज सुटून पोरं येणार पाचला, बंद होणार दहाला. म्हणजे रोजची संध्याकाळ सगळी भरली तरी पाचच तास, उरलेलं रविवार आणि सुट्टीनेच काढायचं. मे जाईल जोरात, गणपतीतही चाकरमान्यांची पोरं येतील. पण जून-जुलैत शाळा नवीन, पाऊस मुसळधार, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. आठ मशीन असती तरी ती पाच तासच गर्दी. बाकी वेळ आठ खुर्च्या रिकाम्या आणि दोन एसी. दोन-तीन महिने गल्ला न उघडता भाडं भरता येईल एवढे पैसे हातात नसतील, तर पहिल्या पावसाळ्यातच पाटल्या सोडवायचं राहील.

म्हणून माझ्या मनात आलंय ते असं. डिपॉझिट आणि एसी आपण दोघांनी उचलू. 95 हजार होतात, तुझे साडेसत्तेचाळीस, माझे तेवढेच. डिपॉझिट गाळ्याच्या मालकाकडे आपल्याच नावावर राहील, म्हणजे अथर्वच्या आईला, वहिनींना ओझं वाटणार नाही. मग अथर्वच्या सात लाखांतून साडेसत्तावन्न हजार हातात उरतात, म्हणजे दोन महिने. आणि पहिल्या दिवाळीपर्यंत सहावं मशीन घ्यायचं नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं. टेबल मात्र सात जागांचं आत्ताच करून घ्यावं, प्लायवाले पुन्हा आले की दुप्पट घेतात.

तुझी बदली झाली का ते कळव. मुग्धाचं लग्न ठरलं असेल तर मला कळायला एवढा उशीर का, त्याचं भांडण समोरासमोर. प्रज्ञाला नमस्कार, आणि या वेळी येताना तिच्या हातची बोरं नाही आणलीस तर कुवारबावलाच उतरवून देईन.

शुक्रवारच्या आत अथर्वला फोन कर. मशीन, अर्थिंग, हिशेब हे मी त्याच्याशी बोललोय, त्याला पटलंही आहे. पण पाटल्यांचं मी काढलं की वहिनी गप्प होतात. ते तू बोल.

तुझा,
बाळ्या

ता.क. कोटेशनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकलाय. तिसऱ्या ओळीतला मदरबोर्ड बघ: त्यात रॅमच्या दोनच जागा आहेत, म्हणजे दोन आठच्या पट्ट्या लावल्या की पुढे वाढवायला जागा उरत नाही. आपल्याला एवढ्यात 16 पुरतील, पण चार जागांचा बोर्ड हजार-दीड हजारांनीच महाग आहे. तुझं काय मत?