मसाईवरचे जळके खिळे

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू म्हणालास की परत कुठल्यातरी पिक्चरवरनं राडा सुरू झालाय, आणि मला एकदम मसाई पठारच आठवलं बघ. तू तेव्हा दुबईला होतास, त्यामुळं ते नीट सांगायचं राहूनच गेलं.

मार्च २०१७ मधली गोष्ट. भन्साळीच्या 'पद्मावती'चा सेट पन्हाळ्याजवळ मसाईला लागला होता. त्याआधी जानेवारीत जयपूरला जयगडावर करणी सेना या राजपूत संघटनेच्या लोकांनी शूटिंगमध्ये घुसून त्याला मारलेलं, त्यामुळं आम्हाला वाटायचं की चला, आपल्याकडं तरी गडी निवांत काम करेल, मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांचं कोल्हापूर हे, इथं कोण सेटला हात लावतंय. लावला की लगा! रात्रीचे लोक आले आणि पेटवून गेले. कपडेपट जळाला, केवढं सामान गेलं.

आपल्या गल्लीतले सुतारमामा आठवतात ना, जन्मभर सेटची कामं केलेले? त्यांना घेऊन मी चार-आठ दिवसांनी गाडीवरनं तिकडं गेलो. वाळलेल्या गवतात काळा डाग, अर्धवट जळलेलं प्लायवूड, आणि राखेत वाकडे खिळे. मामा उकिडवे बसून खिळेच गोळा करायला लागले, एक शब्द बोलले नाहीत, मग रुमालात बांधून म्हणाले, "१९४८ ला आपला कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओ जळालेला तेव्हा माझा बा असाच राखेत बसला होता." ती जाळपोळ गांधीहत्येनंतरची, तिचं कारण काय आणि याचं काय, पण मामांच्या हिशोबात दोन्ही एकच.

गंमत म्हणजे तोवर पिक्चर कुणी बघितलाच नव्हता, अजून बनतच होता ना! खिलजी आणि पद्मावतीचा स्वप्नातला रोमान्स आहे म्हणून बोंब, शेवटी भन्साळीला व्हिडिओ काढून सांगावं लागलं की असला सीनच नाहीये. १ डिसेंबरची तारीख हुकली, नावातली वेलांटी गेली, 'घूमर' गाण्यात दीपिकाची कंबर झाकली, चार राज्यं बंदी घालून बसली ती सुप्रीम कोर्टानं उठवली, आणि एकदाचा २५ जानेवारी २०१८ ला लागला. आदल्या दिवशी गुरुग्रामला शाळेच्या बसवर दगड मारले होते. बसमध्ये पोरं होती रे, सीटखाली लपलेली.

आम्ही बघितला. ज्याच्यावरनं पेटलं ते शेवटपर्यंत सापडलं नाही, उलटं राजपुतांचं इतकं कौतुक की नंतर करणी सेनेतल्याच एका गटानं विरोध मागं घेतल्याचं जाहीर केलं, मग दुसरा गट त्यावरनं भांडला. पण आमची ही बाहेर आल्यावर गप्पच. पार्किंगमध्ये म्हणाली, शेवटच्या जौहरात एवढ्या बायका आगीत चालल्यात, त्यात गरोदर बाई, बारकी पोरगी, आणि ते एवढं देखणं कशाला दाखवायचं? खरं भांडायचं होतं तर ह्याच्यावर होतं, पण त्या गोंधळात ह्या प्रश्नाला विचारतंय कोण.

आणि खरं सांगायचं तर मी पण काही लय शहाणा नाही. त्या स्वप्नातल्या सीनचा मेसेज आपल्या शाळेच्या ग्रुपवर मीच टाकला होता, न वाचता, बसची वाट बघत उभा होतो तेव्हा. सेट जळून सात-आठ महिने झाले होते, राख स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो होतो, तरी टाकला.

तू त्याला अंगठा दिला होतास, ते पण आठवतंय मला.

तुझाच,
बाळ्या