जाळीच्या शालीचा भाव लोकरीच्या वजनावर लावू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

थंडी सुरू झाली की पुण्यात ठिकठिकाणी हॉलमध्ये हस्तकलेची प्रदर्शनं लागतात, आपल्या पेपरातही त्यांच्या छोट्या बातम्या येतात, आणि तिथे हाताने विणलेल्या लोकरीच्या वस्तूंचे एक-दोन स्टॉल हमखास असतात. तिथे जाळीची शाल हातात घेऊन लोक जे पहिलं वाक्य बोलतात ते मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी हे पत्र लिहायला बसले. "अहो, केवढीशी पातळ आहे ही, शंभर ग्रॅम तरी लोकर लागली असेल का, मग एवढे पैसे कसले?" बोलणारे वाईट नसतात, त्यांना खरंच वाटतं की लोकर कमी म्हणजे किंमत कमी. पण जाळीच्या शालीत हे अगदी उलटं असतं, लोकर जितकी बारीक तितके टाके जास्त आणि तितके तास जास्त, आणि पैसे त्या तासांचे असतात.

हिशोबच करायचा तर नीट करूया. वरून खाली विणत जायची साधी त्रिकोणी शाल घ्या, मध्यम आकाराची. सुरुवातीला सुईवर 7 टाके असतात, मग एकाआड एक ओळीला दोन्ही काठांना एकेक आणि मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक असे 4 टाके वाढवत जायचं. 150 ओळी झाल्या की सुईवर 307 टाके असतात आणि तोपर्यंत हातातून जवळजवळ 24 हजार टाके गेलेले असतात. नवीन शिकणाऱ्या मुलींना मी आधीच सांगून ठेवते की 105 ओळी झाल्या तेव्हा कुठे निम्मं काम झालं, बाकीचं निम्मं शेवटच्या 45 ओळींत आहे, नाहीतर त्या मध्येच कंटाळून सोडून देतात. जाळीत सारखं मोजावं लागतं, तरी मिनिटाला 20 टाके धरले तर 20 तास होतात. म्हणजे आठ तासांचे अडीच दिवस, आणि यात उसवाउसवी धरलेली नाही, धुणं-ताणणं धरलेलं नाही. पुण्यात अडीच दिवस सुताराला घरी बोलावलं तर आपण किती देतो ते सगळ्यांना माहीत आहे, आणि द्यायलाच पाहिजे, त्याबद्दल कोणी घासाघीस करत असेल तर तेही चूकच. मग विणणाऱ्या बाईचे अडीच दिवस फुकटात का धरायचे? "घरबसल्या टीव्ही बघता बघता होतं की" हे तर बोलूच नये, जाळीची ओळ टीव्ही बघत विणता येत नाही.

का येत नाही तेही सांगते. जाळीतलं प्रत्येक भोक मुद्दाम पाडलेलं असतं. लोकर सुईवरून पुढे घेतली, म्हणजे वेढा घेतला, की एक भोक पडतं आणि एक टाका वाढतो, म्हणून जवळच कुठेतरी दोन टाके एकत्र विणून एक कमी करावा लागतो, तरच टाक्यांची बेरीज जमते. आणि ते दोन टाके उजवीकडे झुकवून एकत्र करायचे की डावीकडे यावर पानाची, कळीची रेघ ठरते. एक वेढा घ्यायचा राहिला की पुढच्या ओळीत अख्खं डिझाइन एका टाक्याने सरकतं, आणि ते बरेचदा दहा ओळी पुढे गेल्यावर दिसतं. जाळीत सुटलेला टाका साध्या सुलट-उलट विणीसारखा क्रोशाच्या सुईने सरळ वर उचलता येत नाही, आजूबाजूचे वेढेही सुटतात. म्हणून जाणत्या बायका दर काही ओळींनी सगळ्या टाक्यांमधून शिवणाचा दोरा ओवून ठेवतात, म्हणजे उसवायची वेळ आली तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवलं जातं.

सगळ्याच विणी इतक्या अवघड असतात असं नाही हं. शेटलंडची लाटांची एक जुनी वीण आहे, ओल्ड शेल म्हणतात तिला. 18 टाक्यांची आहे, तीनदा दोन टाके एकत्र, मग सहा वेळा वेढा आणि एक सुलट, मग परत तीनदा दोन एकत्र, आणि चार ओळींत जाळीची ओळ फक्त एकच. ज्यांना सुलट-उलट येतं त्यांनी तिच्यापासूनच सुरुवात करावी. फक्त नमुना परदेशी असेल तर सुयांचा नंबर बघून घ्या, आपल्या दुकानात 8 नंबर मागितला की 4 मिलिमीटरची सुई मिळते आणि अमेरिकन नमुन्यातला 8 नंबर 5 मिलिमीटरचा असतो. त्यामुळे नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

सुयांवरून उतरलेली जाळीची शाल बघाल तर विकत घ्यावीशी वाटणार नाही, आक्रसलेली, चुरगळलेली, भोकं मिटलेली. ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि मग गादीवर टाचण्या लावून चहूबाजूंनी ताणून वाळवायची, काठाच्या प्रत्येक टोकाला एक टाचणी. तेव्हा ती जाळी उघडते. हे काम वाकून, गुडघ्यांवर बसून करायचं असतं आणि पावसाळ्यात तर पंखा लावूनही वाळता वाळत नाही. हे सगळं खऱ्या लोकरीचं झालं. आपल्याकडे दुकानांत बहुतेक ॲक्रिलिक मिळतं, ते पाण्याने ताणलेलं राहत नाही, त्याला इस्त्री न टेकवता वरून वाफ द्यावी लागते, आणि वाफ जास्त झाली तर ते लुळं पडतं ते कायमचंच. एक विनंती गिऱ्हाइकांना, लोकरीची शाल धुतल्यावर आखडली की "खराब निघाली" म्हणून परत आणू नका, ओली असतानाच परत ताणून वाळवा, पहिल्यासारखी होते.

या कामाला योग्य दाम न मिळण्याचं दुखणं जुनंच आहे आणि फक्त आपल्याकडचं नाही. शेटलंड ही स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं, तिथल्या उन्स्ट बेटावरच्या बायका इतक्या बारीक सुताची शाल विणायच्या की ती लग्नाच्या अंगठीतून आरपार जायची. पण व्यापारी त्यांना रोख पैसे देत नसत, शालीच्या बदल्यात चहा आणि कापड घ्यायला लावायचे, आणि ते इतकं बोकाळलं की ब्रिटिश सरकारच्या आयोगाला त्याची चौकशी करावी लागली, त्याचा अहवाल 1872 चा आहे. एस्टोनियात हाप्सालू गावच्या शालींवर छोटे छोटे लोकरीचे दाणे असतात, एका टाक्यातून पाच-सात टाके काढायचे आणि पुढच्या ओळीत ते सगळे परत एकात घ्यायचे. तिथे असं सांगतात की शाली वजनावर विकल्या जायच्या म्हणून बायकांनी दाणे वाढवले, तेवढंच वजन वाढायचं. मला ही गोष्ट फार लागली, कारण आपणही आज शाल तळहातावर तोलून भाव विचारतोच ना. रशियात ओरेनबुर्गच्या शाली बकरीच्या मऊ लवेत रेशमाचा धागा पिळून विणतात, त्याही अंगठीतून जातात, आणि तिथे त्या हलकेपणाचाच मान आहे. (आपल्याकडे अंगठीतून जाणारी म्हटलं की लोक लगेच "पश्मिना का?" विचारतात. ती वेगळी, ती मागावर होते, ही दोन सुयांवर.)

दुसरं दुखणं म्हणजे मशीनची शाल हाताची म्हणून विकणं. मशीनच्या मालाला माझा विरोध नाही, स्वस्त असतो, लोकांना परवडतो, थंडीत कोणाच्या तरी अंगावर जातो, चांगलंच आहे. पण शेजारच्या टेबलावर तीच शाल "हँडमेड" पाटी लावून निम्म्याहून कमी किमतीत ठेवली की खरी विणणारी बाई खोटी ठरते. ओळखायचं असेल तर आधी काठ बघा. काठाला ओव्हरलॉक किंवा दुमडून शिलाई असेल तर ती थान कापून केलेली आहे. हाताच्या शालीला कापलेली कडा नसते, तिचा काठही टाक्यांचाच असतो. आणि सरळ विचारा, कुठून सुरुवात केली, किती टाके घातले होते. जिने विणली आहे ती दहा मिनिटं सांगत बसेल, तुम्हालाच निघावं लागेल.

म्हणून प्रदर्शनं भरवणाऱ्यांना मनापासून सांगणं आहे की स्टॉल देतानाच एक अट घाला, प्रत्येक शालीला चिठ्ठी पाहिजे, हाताची की मशीनची, लोकर की ॲक्रिलिक, आणि अंदाजे किती तास लागले. तास लिहिलेले असले की घासाघीस आपोआप कमी होईल असं मला वाटतं, कारण आपली माणसं कष्टाला किंमत न देणारी नाहीत, फक्त ते कष्ट त्यांना दिसत नाहीत. जमलं तर विणणारीला तिथेच सुया घेऊन बसू द्या, टेबलाला टेबल चिकटवून स्टॉलचं भाडं वसूल करण्यापेक्षा एक खुर्ची जास्त मावेल एवढी जागा सोडा.

आणि आपल्या शहरात सत्कार काही कमी होत नाहीत. शाल-श्रीफळाशिवाय कार्यक्रम होत नाही, आणि त्या चकचकीत शाली बहुतेकांच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीतच राहतात, नाहीतर पुढच्या सत्काराला फिरतात. दहा पाहुण्यांना दहा शाली देणाऱ्या संस्थांनी निदान प्रमुख पाहुण्यांसाठी तरी एक हाताने विणलेली घ्यावी, दोन-तीन महिने आधी ऑर्डर द्यावी आणि थोडी रक्कम आगाऊ द्यावी, कारण बारीक चांगली लोकर बरेचदा ऑनलाइन मागवावी लागते आणि ती बाई स्वतःचे पैसे घालून बसलेली असते. व्यासपीठावर पाहुण्यांबरोबर विणणारीचंही नाव घ्या, त्याला एक वाक्य लागतं.

आपल्या पेपराकडूनही एक अपेक्षा आहे. प्रदर्शनाची बातमी छापताना "महिलांनी फावल्या वेळात केलेल्या वस्तू" असं कृपया लिहू नका. फावल्या वेळात वीस तासांची शाल होत नाही, त्यासाठी वेळ काढावा लागतो, झोपेतून आणि जेवणखाण आवरल्यावर. "विक्रीसाठी विणलेल्या शाली" एवढं लिहिलंत तरी पुरे आहे.

आपली,
विणकाम करणारी आणि शिकवणारी एक वाचक,
कोथरूड, पुणे